यकृतातील मेद

यकृताचा विकार मद्यप्यासच जडतो, ही समजूत आपल्या कुटुंबांतून अद्यापि दृढ आहे. आमच्या ज्येष्ठ बंधूंनी जन्मात मद्यास स्पर्श केला नाही, अंगानेही ते सडपातळ. तथापि सोनोग्राफीत त्यांच्या यकृतात मेद आढळला. ‘पोट दुखत नाही, मग चिंता कसली?’ असे ते म्हणतात. परंतु खरे भय पोटाचे नसून हृदयाचे आहे. मेदाने भरलेले यकृत रक्तात साखर व चरबी अधिक सोडते. त्यायोगे रोहिण्या कठीण व अरुंद होत जातात. या रोग्यांत मृत्यूचे प्रमुख कारण हृद्रोगच होय.

कृशतेचा भरवसाही फोल आहे. पुण्याचे डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच देहांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु मेद युडकिन यांच्या देही ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देही २१.२ टक्के!

तेव्हा अशा माणसाचा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल अवश्य तपासून घ्यावे. गोड व तळलेले आवरावे. आग्रहाने दुसरा लाडू वाढणे हा आपल्याकडील स्नेहाचा संकेत खरा. पण सायंकाळी वडीलधाऱ्यांसमवेत दोन मैल चालणे, हा त्याहून हितकर स्नेह, असे आम्हांस वाटते.