एका गाण्याचे गायक

जून १९९३. रोह्याहून दक्षिणेकडे निघालेले कोकण रेल्वेचे रूळ सुमारे ४७ किलोमीटर अंतर कापून महाड तालुक्यातील वीर येथे येऊन थांबले. वीरपासून खेडपर्यंतचा पुढचा टप्पा खुला व्हायला मार्च १९९५ उजाडावा लागला. मधली पावणेदोन वर्षे वीर हे या उत्तर टोकाचे शेवटचे स्थानक होते. रूळ तिथे संपत आणि महाड, पोलादपूर, खेडकडे जाणाऱ्याची पुढची वाट रस्त्यानेच सुरू होई.

रेल्वेचा इतिहास लिहिणारे या पावणेदोन वर्षांवरून चटकन पुढे जातात. पूल, बोगदे आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण झालेला मार्ग हीच त्यांची खरी कथा असते. तथापि त्याच वर्षांत वाढलेल्या मुलाला वीर आठवते ते निराळ्या कारणाने. गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी, मग तो वीरला गाडीतून उतरलेला असो वा महामार्गावर लाल एसटीतून, त्याच्या पिशवीत खाऊबरोबर एकदोन नव्या कॅसेट असत. त्या वर्षी गावात कोणते गाणे वाजणार, हे बहुधा त्या पिशवीत ठरे.

आज ती गाणी कुठे कानावर पडली की चाळिशी-पन्नाशीतली माणसे आधी हसतात आणि मग अकस्मात गप्प होतात. गाणे असते अगदी सामान्य. चाल उसनी, शब्द भडक, ऑर्गनचा आवाज पत्र्यासारखा. गायकाचे दुसरे एकही गाणे त्यांना सांगता येत नाही. बहुतेकांना गायकाचे नावही सांगता येत नाही. जगभर अशा गायकांना ‘एका गाण्याचा धनी’ ठरवून मोडीत काढण्याची रीत आहे. ती रीत कितपत न्याय्य आहे, हे पाहायला वीर-महाडचा पट्टा फार सोयीचा आहे.

प्रथम त्या वस्तूविषयी. कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणली, पण कोकणातल्या घराघरांत ती पोहोचली पुढे बऱ्याच काळाने. महाड, माणगाव, गोरेगाव भागातले, विशेषतः कोकणी मुस्लिम कुटुंबांतले, अनेक तरुण आखाती देशांत नोकरीला गेले आणि सुटीवर येताना टू-इन-वन घेऊन आले. १९८० च्या दशकात टी-सीरीज, व्हीनस यांसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटचा पूर आणला. ग्रामोफोनच्या जमान्यात ध्वनिमुद्रण ही मोठ्या कंपनीच्या दारातली गोष्ट होती. एचएमव्हीने दार उघडले तर गायक, नाही तर नाही. कॅसेटने ते दार उखडूनच टाकले. थोड्या भांडवलात, एकदोन दिवसांच्या ध्वनिमुद्रणात कॅसेट तयार होऊ लागली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली, म्हणजे रूळ वीरला पोहोचले त्याच वर्षी, उत्तर भारतातील या उलथापालथीवर ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

या यंत्रणेतच एका गाण्याच्या कीर्तीचे रहस्य आहे. कॅसेटला दोन बाजू आणि दोन्ही मिळून आठदहा गाणी. त्यांतले ज्यावर भिस्त असे ते ‘ए’ बाजूला पहिले आणि त्याचेच नाव मुखपृष्ठावर. दुकानदार ग्राहकाला तेवढेच ऐकवी. मंडपातला लाउडस्पीकरवाला तेवढे वाजवून झाले की फीत मागे फिरवी. मागे फिरवताना यंत्राची वीज जाऊ नये म्हणून सहाकोनी पेन्सिल दात्यांत अडकवून फिरवण्याची कला त्या काळच्या प्रत्येक मुलाला अवगत होती. ‘बी’ बाजूची शेवटची दोन गाणी गायकाखेरीज फारशी कोणी ऐकलीच नसतील. बाजाराला एकच गाणे हवे होते, आणि मग गायकाला एकच गाणे येते असा बोभाटा झाला.

आता महाडकडे वळावे. आनंद शिंदे यांचे ‘पोपटा’चे गाणे कॅसेटयुगातल्या सर्वांत खपलेल्या मराठी गाण्यांपैकी एक. लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो, शेंबड्या पोरालाही ते पाठ. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित दिवाणखान्यात या गायकाची ओळख तेवढीच राहिली. ‘तो पोपटवाला’ असे म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात एक बारीक हसू असे.

वीरपासून हाकेच्या अंतरावरील महाडात मात्र २० मार्चला चित्र पालटते. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या स्मृतीला वंदन करायला दरवर्षी लोक लोटतात. तिथे पुस्तके, तसबिरी आणि भीमगीतांच्या कॅसेटी एकाच पथारीवर मांडलेल्या असत. त्या गर्दीला आनंद शिंदे म्हणजे प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र, भीमगीतांच्या भरल्या परंपरेतला एक आवाज. त्यांना त्यांची एक नव्हे, ढीगभर गाणी ठाऊक असत. गायक एकच आणि काळही तोच. एका कानाला तो एका गाण्याचा, दुसऱ्या कानाला आयुष्यभराचा. तेव्हा ‘एका गाण्याचा गायक’ या शब्दांत गायकापेक्षा ऐकणाऱ्याचाच ठावठिकाणा अधिक कळतो.

हे कोकणापुरते नाही. १९९६ मध्ये ‘माकारेना’ने अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सलग १४ आठवडे पहिले स्थान राखले. ते गाणारी ‘लोस देल रिओ’ ही स्पेनमधली दुक्कल एका गाण्याची म्हणून हसण्यावारी गेली. सेव्हिलच्या परिसरात हे दोघे १९६० च्या दशकापासून गात होते, याची जगाला गरजच पडली नाही. ‘लांबाडा’ची कथा तर अधिक बोचरी. १९८९ मध्ये ‘काओमा’ या गटाने ती धून युरोपभर गाजवली आणि पुढच्याच वर्षी ‘घायल’ चित्रपटातून ती हिंदी गाण्याच्या रूपाने आपल्याकडेही आली. मूळ गीत होते बोलिव्हियातील ‘लोस क्यार्कास’ या नामांकित गटाचे, १९८१ चे. त्यांना आपल्या हक्कासाठी दाद मागावी लागली. बोलिव्हियात घरोघरी माहीत असलेले नाव बाहेरच्या जगासाठी नव्हतेच.

धून उसनी घेण्यात वीरच्या परिसरातल्या रसिकाला तसे काही नवल नव्हते. गणपतीत रात्रभर रंगणाऱ्या जाखडीत, म्हणजे मुंबईकर ज्याला बाल्या नाच म्हणत त्यात, शाहीर मध्ये बसतो, पायात चाळ बांधलेले नाचे भोवती फेर धरतात आणि गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर बेधडक गण, गवळण आणि सवाल म्हटले जातात. शक्तीवाले आणि तुरेवाले यांची झुंज परळच्या दामोदर नाट्यगृहापर्यंत जाई. अशा मंडळांच्याही कॅसेटी निघाल्या. शाहिराचे नाव, गावाचे नाव आणि पुढे ‘आणि मंडळी’. त्या ‘मंडळीं’त ढोलकीवाला, झांजवाला, कोरसची पोरे अशी सगळी माणसे कायमची विरघळून गेली.

हळहळ वाटते ती इथे. त्या गाण्यांचे उगाच उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यांतली कित्येक द्व्यर्थी होती, बाईची छेड काढणे हाच विनोद असे समजणारी होती. मंडपात ती लागली की काही जणी मान खाली घालून आत जात, आणि हेही त्या स्मृतीचाच भाग आहे. पण बखरकार राजाच्या स्वारीबरोबर खोगिराची किंमतही नोंदवून ठेवतो, तेव्हाच पुढच्यांना बाजारभाव कळतात. गेल्या शतकाच्या अखेरीस रायगडचा शेतकरी, गिरणीतून घरी बसलेला कामगार आणि आखाताहून परतलेला तरुण कशावर नाचले, हे शोधायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या हाती आज फार थोडे लागते.

कॅसेटच्या पोटातला छापील कागद हा खरा दस्तऐवज. गीतकार, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रणाची जागा, कंपनीचा पत्ता, सगळे त्या घडीच्या कागदावर असे. पोरांनी तो पहिल्याच आठवड्यात हरवला. राहिलेल्या फितींवर कोकणच्या पावसाने बुरशी चढवली. २००२ मध्ये वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचे ‘ऐका दाजीबा’ संगीतवाहिन्यांवर दणाणले तेव्हा कॅसेटची जागा सीडी घेऊ लागलीच होती. २०१५ च्या गणेशोत्सवात संजय लोंढे यांचे ‘शांताबाई’ मोबाइलवरून मोबाइलवर गेले. तिथे तर कागद नावाची वस्तूच उरली नव्हती.

मग २२ जुलै २०२१. सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. माणसे गेली त्या दिवसाच्या संदर्भात कॅसेटींची गोष्ट काढणे क्षुद्र वाटेल आणि ते वाटणे योग्यच आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुईवरही असाच डोंगर आला होता, तेव्हाही कोणी फिती मोजल्या नाहीत. पुरानंतर घर उपसताना माळ्यावरच्या, कपाटाच्या तळच्या, खोक्यांतल्या वस्तू चिखलासकट बाहेर टाकाव्या लागतात. त्यांत काय काय गेले याची यादी होत नाही.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२१ मध्ये, रोहा ते वीर मार्गाचे दुपदरीकरण पूर्ण झाले आणि पुन्हा एकदा नवे रूळ वीरपर्यंत येऊन थांबले.

एखाद्या घरी अजून एखादी कॅसेट निघते. प्लास्टिकचे झाकण तडकलेले, कागद नाही, फीत बाहेर आलेली. पेन्सिल शोधून ती आत गुंडाळता येते. ‘ए’ बाजूच्या चिठ्ठीवर गाण्याचे नाव ठसठशीत वाचता येते. त्याखाली बारीक अक्षरांत गायकाचे नाव होते, तिथे ओल आल्याने शाई पसरली आहे.