'ब्रेक आउट' आणि फुटणे

इंग्रजीतील 'ब्रेक आउट' हे जोडक्रियापद आमच्या सातारा-सांगलीकडील विद्यार्थ्यांस फार सतावते. 'ब्रेक' म्हणजे मोडणे आणि 'आउट' म्हणजे बाहेर, हे त्यांस ठाऊक असते. परंतु 1914 साली महायुद्ध 'ब्रोक आउट', या वाक्यात मोडले ते काय आणि बाहेर आले ते कोठून, याचा उलगडा होत नाही. 'महायुद्ध बाहेर मोडले' असे भाषांतर एका चिरंजीवांनी मजपुढे ठेविले होते.

आपली मराठी अशा वेळी एका शब्दावर भागवीत नाही. युद्ध पेटते, दंगल उसळते, आग लागते, साथ येते, अंगावर पुरळ उठते. इंग्रजीत ही सारी मंडळी एकाच दारातून बाहेर पडतात. उलट आपले 'फुटणे' पाहावे. धरण फुटते, घाम फुटतो, गुपित फुटते, माणूस शत्रूस फुटतो. पण पालवीही फुटते, मुक्यास वाचा फुटते, गाईस पान्हा फुटतो आणि पूर्वेस तांबडेही फुटते. 'आउटब्रेक' या नामास हे मांगल्य ठाऊक नाही. त्याच्या पाठोपाठ बहुधा रोगराई, लढाई किंवा दंगाच यावयाचा.

शिवाय युद्ध 'ब्रोक आउट' म्हटले, की ते कोणी सुरू केले हे सांगणे टळते. वळवाचा पाऊस यावा तसे ते आपोआप आलेले! (आपल्या 'पेटले'मध्येही हीच सोय आहे, हे खरे.) कैद्यांच्या बाबतीत मात्र कर्ता लपत नाही. 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून बाहेर पडले. इंग्रजीने म्हणावे, 'दे ब्रोक आउट ऑफ जेल'. आपण म्हणतो, 'त्यांनी तुरुंग फोडला'. वास्तविक भिंत एकही पडली नव्हती. पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून मंडळींनी तटावरून उड्या घेतल्या. पाठलागात दोघे साथीदार गोळ्यांस बळी पडले, दादांसही गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. इंग्रजी क्रियापदातील ते 'आउट' अशा रीतीने अल्पकाळच टिकले. मराठी क्रियापदास मात्र त्या पकडण्याने काहीच बाध आला नाही.

या प्रसंगावर लिहिताना आमचे विद्यार्थी हटकून 'दे ब्रोक द जेल' लिहितात. मी तांबड्या शाईने मध्ये 'आउट ऑफ' घालतो व अर्धा गुण कापतो. गेल्या वर्षी तासगावकडील एका मुलीने वही परत आणून विचारले, "पण सर, जेल फुटला नव्हता का?" तिचा अर्धा गुण मी परत दिला, तांबडी दुरुस्ती मात्र तशीच ठेविली.