गोधडीचें साहित्य

गोधडी शिवावयास शिकावें असें मनांत येतांच हल्लीं पहिला विचार सामान विकत घेण्याचा होतो, आणि फोनवर दोनचार वेळां बोट टेकविलें कीं तें घरपोंच येतेंही. अशी एक पेटी नुकतीच आमच्या पाहण्यांत आली. तींत फिरत्या पात्याचें कापण्याचें हत्यार, त्याच्याखालीं घालावयाची चटई, पारदर्शक पट्ट्या, लहानमोठ्या तीन गोल चौकटी, एवढा संभार होता. सुया मात्र चारच. हें फिरतें पातें १९७९ सालीं जपानांत निघालें. अमेरिकन पद्धतीच्या गोधड्यांत एकाच मापाचे शेंकडों तुकडे कापून जोडावयाचे असतात, तेथें त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. आपल्या घरच्या गोधडींत मुख्य काम जुन्या वस्त्रांचे थर धावदोऱ्यानें एकत्र बांधण्याचें असतें, व त्यास यांतील बहुतेक जिनसा लागत नाहींत. चौकटीचेंच पहा. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रिया आपली कवंडी शिवतांना कडेपासून आरंभ करून फेरे घालीत मध्यापर्यंत येतात, तेंही चौकटीवांचून. आमच्याकडे जमिनीवर थर पसरून चार कोपऱ्यांवर चार पाट ठेवले कीं भागतें.

सुई मात्र डोळसपणें निवडावी. नेहमींच्या शिवणाची बारीक सुई चार थरांतून जातांना वांकते. दाभण घ्यावें, तर विरलेल्या कापडास पडलेलीं भोंकें बुजत नाहींत. भरतकामाची म्हणून जी लांबट, मोठ्या नेढ्याची सुई मिळते ती या कामास बरी. पाकिटावरील आंकड्याचा अर्थ पुष्कळांस उलटा वाटतो. एकाच जातीच्या सुयांत आंकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. शिकणारीनें ५ किंवा ६ नंबरची घ्यावी, व हात बसल्यावर पुढें ८ नंबरकडे वळावें. तीनचार टांके सुईवर चढवून मग दोरा ओढावयाचा असतो, म्हणून सुईची लांबी येथें उपयोगीं पडते. मधल्या बोटांत घालावयाचें धातूचें अंगुस्तान पहिले दोन दिवस परकें वाटतें. परंतु त्यावांचून बसलेली शिकाऊ मुलगी तिसऱ्या ओळीला बोट चोखीत उठते. हात खालीं करून झटकला असतां जें गळून पडत नाहीं, तें आपल्या मापाचें समजावें.

दोरा सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाहीं, हाच या कामांत त्याचा दोष. ओढ बसली कीं दोरा शाबूत राहतो आणि जीर्ण कापड फाटतें. एका वेळीं हातभर दोरा ओंवावा, व तो मधाच्या पोळ्याच्या मेणावरून एकदां ओढून घ्यावा, म्हणजे गुंता होत नाहीं. कातर एकच असावी, पण ती कापडापुरतीच. घरांतील मुलांना पतंगाच्या कागदासाठीं ती सांपडणार नाहीं अशा जागीं ठेवावी, हें अनुभवी गृहिणींस सांगणें नलगे.

राहतां राहिलें कापड, आणि दुकानांत मिळत नाहीं तें हेंच. नव्या कापडाची खळ धुवून काढली, तरी वर्षानुवर्षें नेसून धुतलेल्या लुगड्याचा मऊपणा त्यास येत नाहीं. शिवाय कापड सुती आहे कीं नाहीं, याबद्दल आतां डोळ्यांवर विसंबूं नये. कडेचा एक धागा काढून, चिमट्यांत धरून ज्योतीस लावावा. सुती धागा कागदासारखा जळून हलकी राख होतो; कृत्रिम धागा वितळून टोंकास कठीण मणी धरतो. मणी धरणारें कापड बाळाच्या अंगाखालीं घालूं नये.

नऊ वारी लुगड्याचा हिशेब मोठा सुरेख बसतो. दोन दोन वारांचे चार तुकडे केले कीं चार थर मिळतात, व उरलेला वार चारी बाजूंच्या गोटास येतो. विरलेला भाग अर्थात् आंतल्या थरांत जावा.

लुगडें कोणाचें, हा प्रश्न मात्र हिशेबानें सुटत नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या सुनेनें येणाऱ्या बाळासाठीं स्वतः दुपटीं शिवावयाचें मनावर घेतलें. सासूबाईंचीं दोन लुगडीं ट्रंकेंत होतीं. त्यांना जाऊन बारा वर्षें झालीं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आईंच्या लुगड्याला कातर लावायची? मला नाही बाई पाहवणार." त्यांचें म्हणणें उडवून देण्याजोगें नव्हतें. पण लुगडें उलगडलें, तों घडीच्या रेघांवर सूत तडकलेलें निघालें. आणखी कांहीं वर्षांनीं त्याच्या नुसत्या चिंध्याच हातीं आल्या असत्या. आम्ही कांहीं बोललों नाहीं. जाऊबाईंनीं बराच वेळ त्यावरून हात फिरविला, पदराचा भाग वेगळा काढावयास सांगितला, आणि उरलेल्याच्या कडेला बोटभर कातर देऊन तें आपल्याच हातांनीं टर्रकन फाडलें. सुती कापड असें फाडलें म्हणजे धाग्याच्या रेषेंत सरळ जातें. कातरीनें इतकें सरळ क्वचितच साधतें. पदर अद्याप ट्रंकेंत आहे.

आरंभ मोठ्या गोधडीनें न करतां दुपट्यानें करावा. एक वार लांब, तितकेंच रुंद, थर तीन. थर सरकूं नयेत म्हणून टाचण्या न लावतां वीतवीत अंतरावर लांब कच्चे टांके घालावे, व शिवण पुरी झाल्यावर ते काढून टाकावे. टाचणी थरांत राहून जाते व वरून दिसत नाहीं. बसण्यापूर्वीं सुया मोजून एका लाल फडक्यास टोंचून ठेवाव्या, उठतांना पुन्हां मोजाव्या, आणि एक जरी कमी भरली तरी ती सांपडेपर्यंत दुपटें बाळाकडे जाऊं देऊं नये. घरांत लोहचुंबक असेल तर शोध लवकर लागतो.