हूप

वानराची हूप आधी छातीत उमटते, मग कानाला कळते. भीमेच्या अलीकडे दौंड तालुक्यातली आमची वस्ती, पलीकडे श्रीगोंद्याच्या हद्दीतलं पेडगाव आणि नदीला लागून बहादूरगड. त्याला आता धर्मवीरगड म्हणतात. उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं, की पहाटेची ती खोल, दुहेरी घुमणारी हाक खडकांवरून लोळत आमच्या अंगणापर्यंत यायची. वाकळीखाली पडल्यापडल्या मी ती अंगावर घेत राहायचो. आजी कूस न बदलता म्हणायची, "हुप्या उठला. आता टोळी हलंल."

रात्री आजी घर असंच कानांनी मोजायची. गोठ्याची कडी, थोरल्या चुलत्यांचा खोकला, उसाला पाणी देऊन उशिरा परतलेल्या वडिलांच्या वहाणांची करकर. सगळे आवाज जागेवर आले, की तिचा एक लांब हुंकार यायचा; तो ऐकला, की आम्हा पोरांनाही झोप लागायची. चुलते गेले, त्यानंतर कितीतरी रात्री तो हुंकार यायला फार उशीर व्हायचा.

मोठेपणी वानरांची गणती करणाऱ्यांच्या सोबतीने मी त्याच गडात शिरलो. १६८९ साली संभाजी महाराजांना कैद करून जिथे आणलं, त्या तटांच्या आत आता वेड्या बाभळीचं रान. त्यातून वाट काढत लक्ष्मीनारायणाच्या देवळापाशी यावं, तर यादवकाळातला तो कोरीव दगड रात्र सरली तरी कालच्या उन्हाची ऊब धरून असलेला. तिथे टेकून बसायचं. टोळी ज्या झाडावर निजली, ते झाड आदल्या संध्याकाळीच हेरून ठेवलेलं असतं. उजाडताना हूप येते, दुरून दुसऱ्या टोळीच्या नराचं उत्तर येतं, आणि किती टोळ्या आहेत याचा अदमास डोळ्यांआधी कानांना लागतो. मग टोळी खाली उतरून तटाच्या खिंडारातून एकेक करून पलीकडे जाते. मोजायचं ते तिथेच. नर, माद्या, वाढती पोरं. आणि आईच्या पोटाला घट्ट चिकटलेलं काळपट तान्हं, जे हमखास नजरेतून निसटतं. तटावरून चालताना त्यांच्या शेपट्या मागच्या बाजूला झुकतात. तापी-गोदावरीच्या उत्तरेला वानर शेपटी पाठीवरून डोक्याकडे वळवून चालतं. नद्यांनी माणसांची बोली बदलावी, तशी यांची चालही बदलली.

याच भीमेला वर घोड नदी येऊन मिळते, आणि घोडेच्या काठी शिरूर तालुक्यातलं इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून वर्षानुवर्षं तिथली माती हलक्या हाताने उलगडली. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, चुली निघाल्या, आणि घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन-दोन मडकी. आत तान्ही मुलं. गावाबाहेर न नेता त्यांना घरातच का ठेवलं असेल? मला आपलं वाटतं, गेलेलं मूल मोजणीतून जाऊ नये म्हणून.

हे मनात असतानाच एका पहाटे खिंडारातून एक मादी आली, हातात पिलाचं निर्जीव मुटकुळं धरून. वानरांच्या आया मेलेलं पिलू असं दिवसचे दिवस सांभाळतात. टोळीत नवा नर शिरला, की आधीची तान्ही जिवाला मुकतात, हे सुगियामा नावाच्या जपानी अभ्यासकाने १९६०च्या दशकात धारवाडच्या रानात पाहून लिहून ठेवलं. इथे तसंच घडलं होतं, की ते आजारी होतं, कोण सांगणार? ती बसली. त्याचे केस निवांत विंचरले. उठून टोळीमागे गेली.

तान्ह्यांच्या रकान्यात काय लिहायचं? सोबतीची मुलगी पेन्सिल धरून माझ्याकडे पाहत राहिली. गणती जिवंतांची असते, तेव्हा आकडा वाढवता येत नव्हता. तो तिने वाढवला नाही. शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहिलं : पिलू मृत, आईजवळ. पुढे कुणी बेरीज करील तेव्हा शेरा बेरजेत धरणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी लिहिला. मोजणाऱ्याला एवढी मुभा असावी.