शिकवणाऱ्याचे शोधणे

पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली उभी राहिलेली 'आयुका' ही संस्था बहुतेकांना जयंत नारळीकरांच्या नावाने ठाऊक आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या विज्ञानाविषयी आणि विज्ञानकथांविषयी पुष्कळ लिहिले गेले. विश्वरचनेच्या सिद्धांतांवर बोलण्याचा अधिकार आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना नाही. पण आयुकाच्या पूर्ण नावातला पहिलाच शब्द 'आंतरविद्यापीठीय' असा आहे, आणि त्या शब्दाचा संबंध वणीसारख्या गावातल्या महाविद्यालयांशीही पोहोचतो असे आम्हाला वाटते.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे ज्ञानाची एक वाटणी झाली. संशोधन स्वतंत्र संस्थांकडे गेले. शिकवणे आणि परीक्षा घेणे विद्यापीठांकडे राहिले. १९४५ साली स्थापन झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था हे पहिल्या वाटणीचे ठळक उदाहरण. केंब्रिजहून परतल्यावर १९७२ साली नारळीकर तिथेच रुजू झाले. आयुकाची कल्पना मात्र ही वाटणी मोडणारी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापलेल्या या केंद्राचे ग्रंथालय, संगणक आणि पुढे २००६ साली जुन्नरजवळ गिरवलीला सुरू झालेली दोन मीटर व्यासाची दुर्बीण ही सारी साधने देशभरच्या विद्यापीठांतल्या व महाविद्यालयांतल्या शिक्षकांनाही खुली ठेवली गेली. सहयोगी म्हणून निवडलेला शिक्षक ठरावीक वर्षे सुट्टीत तिथे जाऊन राहतो, काम करतो आणि पुन्हा आपल्या वर्गावर परततो. हे परतणे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

अशा येण्याजाण्यातून काय घडू शकते, याचा दाखला नारळीकरांच्या घरातच होता. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गणिताचे तरुण अध्यापक त्यांच्याकडे काम करण्यासाठी गेले. श्वार्झशिल्ड यांनी १९१६ साली मांडलेल्या उत्तरात ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाचे वर्णन होते. पण खरा तारा प्रकाश फेकतो, ऊर्जा गमावतो आणि त्याबरोबर वस्तुमानही. हे जमेस धरणारे उत्तर वैद्यांनी शोधले आणि १९४३ साली ते प्रसिद्ध झाले. सापेक्षतेच्या अभ्यासात ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. वैद्यांनी पुढचे आयुष्य गुजरातेत प्रामुख्याने शिकवण्यात घालवले.

आता आमच्याकडे पाहू. वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्यपद राम शेवाळकरांनी सांभाळले, आणि इथूनच त्यांची व्याख्याने महाराष्ट्रभर गेली. तेव्हा लहान गावातला प्राध्यापक व्यासंगी नसतो, हे गृहीतक आमच्या गावापुरते तरी खोटे ठरले आहे. पण व्यासंग एकेकट्याच्या जिद्दीवर किती काळ चालावा? २०१० साली संशोधनाला गुणांकनाची मोजपट्टी लागली. ती २०१८ साली बदलली खरी, पण मधल्या काळात लेखांची संख्या वाढली आणि प्रश्नांची घटली. मूळ पोथीचे पाठभेद पाहायचे, जुन्या नियतकालिकांचे अंक चाळायचे, तर वणीच्या शिक्षकाने कुठे जावे, कोणाकडे राहावे, याला आजही व्यवस्थेकडून उत्तर नाही.

याचा परिणाम वर्गात दिसतो. लीळाचरित्रातल्या एखाद्या शब्दावर विद्यार्थी अडतो, तेव्हा स्वतः कधीच न शोधलेला शिक्षक त्याला टिपणातला अर्थ सांगून मोकळा होतो. शोधण्याची सवय असलेला शिक्षक म्हणतो, "पाहू या." एवढ्या दोन शब्दांनी वर्ग बदलतो. नारळीकर मुलांना स्वाक्षरी देण्याऐवजी पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि त्याचे उत्तर देत. त्यामागे हेच शहाणपण असावे. कोळशाच्या खाणींची धूळ आणि दिवे यांतून आमच्या मुलांना तारे जरा कमीच दिसतात. प्रश्न तरी त्यांना भरपूर पडावेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्याच अमरावती विभागात, महानुभावांच्या रिद्धपूरला, मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्याचे काम पदव्या देण्याबरोबर वणी, पुसद, दारव्हा, मेळघाट इथल्या शिक्षकाला महिनाभर निवास, ग्रंथ आणि जाणत्या माणसाचा सहवास देणे हेही असले पाहिजे. खगोलशास्त्राला जे सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी सुचले, ते मराठीला आता तरी सुचावे. खर्च दुर्बिणीइतका नाही. एक खोली, एक टेबल आणि उघडे ग्रंथालय एवढ्यावर आमचे भागेल.