ओसरीवर

परक्याची भाषा शिकणाऱ्यास लोक विद्वान् म्हणतात, परक्याचें पक्वान्न आवडीनें खाणाऱ्यास रसिक म्हणतात. पण परक्याचें गाणें शिकूं पाहणाऱ्यास काय म्हणावें, हें अद्याप कोणीं ठरविलेलें दिसत नाहीं. आम्हीं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं आयर्लंडचें पारंपरिक संगीत शिकावयास घेतलें, तेव्हां आमच्या घरच्या मंडळींनीं जीं विशेषणें वापरलीं तीं येथें उतरवून घेण्याजोगीं नाहींत.

नोकरीनिमित्त आमचा मुक्काम लिमरिक शहरीं पडला होता. तेथून जवळच क्लेअर हा परगणा. वादकांविषयीं त्याची ख्याति मोठी. त्यांतील मिलटाउन माल्बे या लहानशा गांवीं विली क्लॅन्सी या पाइपवादकाच्या स्मरणार्थ १९७३ पासून उन्हाळ्यांत शिकाऊ वादकांची जणूं जत्राच भरत आली आहे. अशा मुलखांत राहून कान झांकून घेणें आम्हांस साधलें नाहीं. आम्ही एक टिन व्हिसल, म्हणजे सहा छिद्रांचा पत्र्याचा पांवा, विकत घेतला आणि विद्यार्थी झालों.

आमची पहिली चूक ही कीं, आम्ही पुस्तकावर विसंबलों. पुस्तक मात्र थोर होतें. कॉर्क परगण्यांत १८४८ सालीं जन्मलेले फ्रान्सिस ओनील हे अमेरिकेंत जाऊन पुढें शिकागोच्या पोलिसांचे मुख्य अधिकारी झाले. त्यांनीं देशोधडीस लागलेल्या आपल्या लोकांच्या तोंडून व हातून मिळालेल्या १८५० चिजा १९०३ मध्यें छापून काढल्या. गंमत अशी कीं, स्वतः ओनील यांस स्वरलेखन येत नसे. ते चाल ऐकवीत आणि जेम्स ओनील नांवाचा त्यांच्याच खात्यांतील एक जाणता वादक ती कागदावर उतरी. हें वाचतांना आम्हांस पंडित भातखंडे यांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. तेही पेशानें वकील. त्यांनींही घराण्यांच्या कुलुपांत राहिलेल्या बंदिशी मिळवून छापिल्या. आणि दोघेही एकाच वर्षीं, १९३६ सालीं, निवर्तले. एक पोलीस आणि एक वकील! दोघांनींही दार उघडलें, हें त्यांचे उपकार. पण दार उघडलें म्हणजे आंत कसें वागावें हें कळलें असें नव्हे.

सहा महिन्यांत आम्हीं चाळीस चाली पाठ केल्या आणि एके शनिवारीं रात्रीं एनिस येथील एका पबमध्यें जाऊन बसलों. तेथें आठवड्याची बैठक भरत असे. व्यासपीठ नाहीं, श्रोत्यांकडे तोंड नाहीं. सातआठ माणसें एका मेजाभोंवतीं कोंडाळें करून वाजवीत होतीं, जणूं कांहीं शेकोटीच पेटली आहे. एक जिग सुरू झाली. ती आम्हांस येत होती! आम्हीं पांवा ओठांस लावला आणि सुटलों. जिगचे सहा स्वर म्हणजे आपला दादराच, अशी आमची समजूत. शिवाय लहानपणापासून बांसरी ऐकलेली. तेव्हां मधून मधून दोनचार मिंडाही आम्हीं उदारपणें बहाल केल्या. चाल संपली. कोणी कांहीं बोललें नाहीं. मात्र त्यानंतर त्यांनीं ज्या चाली काढल्या, त्यांतील एकही आम्हांस ठाऊक नव्हती.

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण आम्हीं शेंकडों वेळां इतरांस ऐकविली असेल. ती आपणांसच लागू पडल्याचा अनुभव पहिलाच. आम्ही निघालों, तेव्हां त्यांतील एक वृद्ध फिडलवादक दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “तुमच्या हाताला घाई फार आहे. पुढच्या शनिवारीं जरूर या. फक्त ती शिटी खिशांतच राहूं द्या.”

त्या हिंवाळ्यांत आम्हीं कांहींही वाजविलें नाहीं. नुसते ऐकत बसलों, आणि जें पुस्तकांत नव्हतें तें हळूहळू कानीं येऊं लागलें. लिहितांना जिगचे स्वर सारख्या लांबीचे दिसतात. वाजवितांना तीनांतील पहिला किंचित् रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यांतच नाचणाऱ्याचें पाऊल उचलतें. हें संगीत मुळांत पायांसाठीं जन्मलें. आठ मात्राखंडांचा एक भाग, तो दोनदां. मग दुसरा, तोही दोनदां. सगळी चाल दोनतीनदां फिरली कीं न थांबतां पुढचीवर उडी. आम्ही आलाप-तानांच्या विस्तारावर वाढलेले. आम्हांस ही पुनरावृत्ति आरंभीं कंटाळवाणी वाटे. पुढें दिसूं लागलें कीं, प्रत्येक फेरींत एखादा स्वर बोटाच्या निसटत्या स्पर्शानें तोडला जातो, एखादा त्याच जागीं गिरकी घेतो, आणि तीच चाल दुसऱ्यांदा तीच राहत नाहीं. कोपरानें भाता दाबून वाजविण्याच्या इलन पाइप्स प्रथम ऐकल्या, तेव्हां तर खालीं अखंड चाललेल्या तिच्या आधारस्वरांनीं तंबोऱ्यापाशीं बसल्याचें समाधान दिलें.

दुसरीही एक गोष्ट ध्यानांत आली. त्या मेजाभोंवतालचीं किती वाद्यें मूळचीं त्या घरचीं होतीं? फिडल इटलीकडचें, काँसर्टिना इंग्लंडांतील, बँजो अमेरिकेंत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांचा, आणि बुझुकी तर १९६० नंतरच्या दशकांत ग्रीसहून आलेली! सारेच पाहुणे. पण बँजोनें येथें येऊन फिडलप्रमाणें, एक सप्तक खालीं, आपल्या तारा लावून घेतल्या. बुझुकीनेंही ग्रीक जुळणी सोडली. वाद्याच्या खुंट्या पिळणें म्हणजे त्याचे कान पिळणेंच. जो आपले कान पिळून घेतो त्यास हें घर परकें मानीत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. आमची तक्रार मिटली.

वसंताच्या आरंभीं एके रात्रीं त्या वृद्ध गृहस्थांनीं आमच्याकडे पाहून मान हालविली. आम्हीं शिटी काढली आणि एक साधी जिग हळू सुरू केली. दुसऱ्या फेरीस फिडल आलें, मग काँसर्टिना, तिसरीस सारेच. विद्यापीठाची पदवी घेतांना आम्हांस इतकें बरें वाटलें नव्हतें. चाल संपल्यावर ते म्हणाले, “आतां तुमच्या मुलखांतलं एखादं होऊं द्या. तुमची आई म्हणत असेल, तसलं.”

आणि आम्ही गप्प झालों. आम्हांस रागांच्या वेळा येत होत्या, घराण्यांचीं नांवें येत होतीं. ध्वनिमुद्रिकांचा संग्रह तर आमच्या अभिमानाचा विषय. पण आमच्या घरचें असें एक गाणें आम्हांस सबंध येत नव्हतें. साताऱ्याकडील आमच्या गांवीं आई पहांटे जात्यावर बसे. तिच्या मांडीवर डोकें ठेवून आम्ही अर्धवट झोपेंत ओव्या ऐकत असूं. पुढें गांवांत पिठाची गिरणी झाली, जातें भिंतीशीं उभें राहिलें, आणि त्याबरोबर काय काय बंद पडलें याची चौकशी आम्हीं कधीं केली नाहीं. परक्याच्या घरीं आम्ही ओसरीपर्यंत तरी पोहोंचलों होतों. स्वतःच्या घरीं तेवढेंही नाहीं.

आम्हीं खरें तें सांगितलें. त्यांस नवल वाटलें नाहीं. “आमच्याकडेही असंच व्हायचं होतं,” ते म्हणाले. “विचारायला माणूस आहे ना अजून? मग विचारा.” परततांना आम्हांस १७९२ सालचा बेलफास्टचा हार्पवादकांचा मेळावा आठवला. एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या मुलानें तेथें म्हाताऱ्या वादकांच्या चाली टिपून घेतल्या, म्हणून त्या उरल्या. पण धातूच्या तारांवर नखांनीं वाजविण्याची ती जुनी रीत पुढें खंडित झाली. शाई चाल राखते. हात राखीत नाहीं.

त्या रविवारीं आईस फोन केला. ती म्हणाली, “अरे, जात्यावांचून ओवी कशी आठवेल मला?” अखेर वहिनीनें तें जातें भिंतीपासून ओढून आणलें, मूठभर जोंधळे घातले, आणि घरघर सुरू होतांच तिला एकामागून एक आठवूं लागल्या. तेव्हांपासून दर रविवारीं आम्ही शिकतों; कागद घेत नाहीं. ती एक चरण म्हणते, आम्ही तो परत म्हणतों.

तीन ओव्या पाठ झाल्या आहेत. एनिसच्या मेजावर मात्र त्या अजून म्हटलेल्या नाहींत. कारण परीक्षक फार कडक आहे. गेल्या रविवारीं सगळें ऐकून घेऊन ती म्हणाली, “शब्द आले रे, पण तुझं जातं अजून फिरत नाहीं. घाई करतोस.”