आमचा औषधांचा डबा

आमचे घरी औषधांचा एक डबा आहे; होता म्हणणे अधिक खरे. मूळचा तो बिस्किटांचा. त्यात सुंठेची पुडी, बाम, थर्मामीटर आणि नाना आजारांतून शिल्लक राहिलेल्या गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या अशी संपत्ती आम्ही वर्षानुवर्षे साठविली होती. कोणास शिंक आली की आम्ही चष्मा पुसावा, डबा उघडावा आणि गंभीर मुद्रेने दोन गोळ्या त्याच्या हातावर ठेवाव्या, असा परिपाठ पडला होता. गेली पंचवीस वर्षे आम्ही कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवितो. पट्टीवरची अक्षरे इंग्रजी असल्यामुळे ती वाचता येणे म्हणजेच वैद्यक समजणे, अशी आमची भाबडी समजूत झाली असावी.

शिवाय आमचे बिऱ्हाड मोशीस, आणि पिंपरी येथून जवळच. तेथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुढील वर्षापासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. आमचे वडील त्या बाजूने जाताना बसच्या खिडकीतून कारखान्याकडे बोट दाखवीत. देवळाचा कळस दाखवावा तसे. ज्याच्या शेजारी पेनिसिलीन शिजते त्याने जंतूंची भीती ती काय बाळगावी!

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुटुंबास लघवीस जळजळ होऊ लागली. आम्ही डबा उघडला. तीन दिवस आमचे उपचार चालले. चौथ्या रात्री कंबरेत कळ, थंडी वाजून ताप, आणि पहाटे ती बरळू लागली. तेव्हा कोठे आम्ही इस्पितळ गाठले. आमच्या मुलीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, “आधी काय काय दिलेत?” आम्ही नावे सांगितली. त्यांनी ती मुकाट्याने लिहून घेतली. त्या मुकाटपणापेक्षा रागावणे परवडले असते.

लघवीची तपासणी यावयास दोन दिवस लागले. काचेच्या थाळीत जंतू पेरून त्यांवर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. येथे बहुतेक टिकल्यांना जंतू निर्धास्तपणे भिडले होते. अहवालात ज्या नावांपुढे ‘निष्प्रभ’ अशा अर्थाचे अक्षर पडले होते, त्यांतील तीन आम्हास तोंडपाठ होती. ती आमच्या डब्यातली होती.

जंतूचे नाव ई. कोलाय. तो तुमच्याआमच्या आतड्यात जन्मभर नांदतो व बहुधा कोणाच्या वाटेस जात नाही; मूत्रमार्गात शिरला की मात्र वैरी होतो. सर्दीपडसे बहुतेक विषाणूंमुळे होते, त्यांवर प्रतिजैविकांची मात्रा मुळीच चालत नाही. गोळी पोटात गेल्यावर मरतात ते आतड्यातले जंतू. त्यांतही हळवे मरतात, चिवट उरतात आणि मोकळ्या झालेल्या रानात त्यांचीच पैदास होते. अनुकूलता असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन. एवढेच नव्हे, तर औषधास तोंड देण्याची विद्या प्लास्मिड नावाच्या सूक्ष्म कड्यांवाटे ते शेजाऱ्यासही देऊन टाकतात. पंचवीस वर्षांत इतक्या तत्परतेने विद्या घेणारे विद्यार्थी आम्हास लाभले नाहीत.

या विशिष्ट जंतूस आमच्याच डब्याने तयार केले असे खात्रीने म्हणता येणार नाही, असे जंतू अन्नपाण्यावाटेही येतात, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ही त्यांची सभ्यता. आम्हास ती टोचली.

इस्पितळाच्या बाकावर रात्री काढताना आम्ही पेनिसिलीनचा इतिहास वाचला. फ्लेमिंगने डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी केलेल्या भाषणात एक कल्पित गृहस्थ आहे. घसा दुखतो म्हणून तो पेनिसिलीन विकत आणतो व अपुरे घेतो. घशातले जंतू मरण्याऐवजी औषधास सरावतात. तेच पुढे पत्नीस बाधतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन चालत नाही आणि ती मरते. पिंपरीचा कारखाना निघण्यापूर्वीच आमचे चरित्र कोणी लिहून ठेवले होते! शेवटची ओळ तेवढी अजून लागू झाली नव्हती. आम्ही पुस्तक मिटून खोलीत जाऊन आलो. ती झोपली होती.

आणखी एक गोष्ट त्या रात्रीपासून मनातून जात नाही. ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला फेब्रुवारी १९४१ मध्ये पेनिसिलीन टोचू लागले. त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. औषध इतके दुर्मिळ की त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून त्यालाच देत. तरीही साठा संपला, रोग उलटला आणि मार्चात तो वारला. लघवीतून औषध गाळून काढणारी ती माणसे कोठे, आणि बरे वाटताच उरलेली पट्टी डब्यात टाकणारे आम्ही कोठे!

शिरेतून दिलेल्या एका औषधाने अखेर गुण आला. ते किती दिवस द्यावयाचे हे डॉक्टरीणबाईंनी ठरविले. हल्ली काही आजारांत थोडे दिवसही पुरतात, असे त्या म्हणाल्या; परंतु ते दिवस मोजण्याचे काम रुग्णाच्या यजमानांचे नव्हे, हे आम्हास न सांगता कळले.

घरी येताच आम्ही डबा कचऱ्यात टाकावयास निघालो. पण साऱ्या शहराचा कचरा डेपो आमच्याच मोशीस! तेथल्या जंतूंची शिकवणी आपण कशाला धरावी, म्हणून गोळ्या पुडक्यात बांधून इस्पितळात नेऊन दिल्या. “अहो, डबा तरी राहू द्या,” कुटुंब म्हणाले. दिवाळीत तिने त्यात शंकरपाळे भरले. झाकण उघडले तर बामाचा वास अजून येत होता.